दस्ता पुढे, पण कुठल्या कमरेवर?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "वय ५८, मुक्काम फिनिक्सच्या उत्तरेला, ग्रीन कार्ड आहे. शेजाऱ्याच्या नादाने काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंगच्या (जुन्या काउबॉयांच्या वेशात, त्यांच्या काळच्या नमुन्याच्या बंदुकांनी होणारी नेमबाजी) क्लबात जाऊ लागलो. दोन रिव्हॉल्व्हरं घेतली, दोन्ही उबर्टी कंपनीची, १८७३ च्या कोल्टच्या नमुन्याची, .४५ कोल्ट. एकाची नळी साडेसात इंची, दुसऱ्याची पावणेपाच. उजव्या कमरेला साधं होल्स्टर (रिव्हॉल्व्हर ठेवायचं कातडी म्यान) आहे. दुसरं दस्ता पुढे असलेलं घ्यायचं आहे. जुन्या घोडदळाच्या फोटोत सैनिकांच्या उजव्या कमरेवर दस्ता पुढे दिसतो, तसं मला फार आवडतं. शेजारी म्हणतो डावीकडे लाव. मी उजवा आहे, उजवा खांदा वर्षभर आखडलेला होता, आता बरा आहे पण हात मागे जाताना कुरकुरतो. पोट थोडं सुटलंय. डिसेंबरात कोल्हापूरला जाणार आहे, तिथे एखाद्या चांगल्या कारागिराकडून शिवून आणू का? आणि पुतण्या एच-वन-बीवर इथे आला आहे, त्यालाही एखाद्या रविवारी नेमबाजीला न्यावं म्हणतो."

नमस्कार,

शेजाऱ्याचं ऐका. डावी कमर.

आता का ते सांगतो, कारण फोटो पाहून मन बसलं की नुसत्या 'नाही'ने ते उठत नाही. दस्ता पुढे ठेवण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांचं एकमेकींशी फारसं नातं नाही. एकीत रिव्हॉल्व्हर डाव्या कमरेवर असतं आणि उजवा हात पोटावरून आडवा जाऊन ते काढतो. हा क्रॉसड्रॉ. आपल्याकडे तलवार डाव्या कमरेला आणि उपसणारा हात उजवा, तीच रीत. दुसरीत रिव्हॉल्व्हर उजव्याच कमरेवर, दस्ता पुढे, आणि काढणारा हातही उजवाच. म्हणजे तळवा बाहेरच्या बाजूला वळवून, अंगठा स्वतःच्या पोटाकडे ठेवून मूठ धरायची, वर उचलायचं आणि उचलता उचलता मनगट फिरवून नळी समोर आणायची. याला तिकडे ट्विस्ट ड्रॉ किंवा कॅव्हलरी ड्रॉ म्हणतात. तुम्हाला आवडलेली ती ही.

घोडदळात ती आली कशी, तर तलवारीमुळेच. स्वाराच्या डाव्या कमरेला सेबर लटके, ती उजव्या हातात घ्यायची. रिव्हॉल्व्हर हे दुय्यम हत्यार, ते डाव्या हातानेही काढता यावं म्हणून उजव्या कमरेवर दस्ता पुढे, असं सहसा सांगतात. होल्स्टरवर पूर्ण झाकण, पावसा-धुळीपासून बचावासाठी. झपाट्याने काढणं हा त्यात हिशोबच नव्हता. पुढे तलवारी मागे पडल्या. १८७६ च्या जूनमध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईला गेलेल्या अमेरिकेच्या सातव्या घोडदळाने सेबर मागेच ठेवून दिले होते. पण होल्स्टर आपलं तसंच राहिलं, आणि रिकामा झालेला उजवा हात मनगट पिळून त्यातूनच रिव्हॉल्व्हर काढत राहिला. कारण संपल्यावर उरलेली सवय आहे ती. १९११ च्या नव्या पिस्तुलासाठी १९१६ चं होल्स्टर आलं, त्यात दस्ता मागे गेलेला दिसतो.

तुम्ही म्हणाल, वाइल्ड बिल हिकॉक या जुन्या काळच्या नामांकित नेमबाजाचं काय? त्याची १८५१ च्या नमुन्याची दोन नेव्ही कोल्ट दोन्ही कमरांवर दस्ता पुढे असत, आणि २१ जुलै १८६५ रोजी मिसूरीतल्या स्प्रिंगफील्डच्या चौकात डेव्हिस टटला त्याने जवळजवळ ७५ यार्डांवरून पाडलं. बरोबर. पण हिकॉकच्या मागे नियमांवर लक्ष ठेवणारा रेंज ऑफिसर उभा नव्हता आणि शेजारी रांगेत आपली पाळी येण्याची वाट बघणारे निवृत्त दंतवैद्य नव्हते.

ट्विस्ट ड्रॉमधली अडचण रिकाम्या हाताने करून बघा, लगेच कळेल. उजवी तर्जनी नळी समजा. तळवा बाहेर, बोट खाली. आता हात उचलून मनगट फिरवा आणि बोट समोर आणा. मधल्या एका क्षणी ते बोट तुमच्या बरगड्यांवरून जातं. आता त्या बोटाच्या जागी किलोभराहून जड लोखंड, आखडून सुटलेला खांदा, आणि टायमरची शिट्टी वाजल्यावर येणारी घाई घाला. ज्यांनी वर्षानुवर्षं हा सराव केला ते तो सफाईने करतात, मी पाहिलं आहे. नवख्याने शिकावं असं त्यात काही नाही. फोटो काढायला हौस म्हणून झाकणवालं घोडदळी होल्स्टर जरूर घ्या, हौसेला मोल नसतं. पण ते भिंतीवर.

आता क्रॉसड्रॉ. तोही निर्धोक नाही, हे शेजाऱ्याने सांगितलं असेल अशी आशा आहे. डाव्या कमरेवरून रिव्हॉल्व्हर बाहेर येतं तेव्हा नळीचं तोंड तुमच्या डावीकडे असतं, आणि डावीकडे माणसं असतात. म्हणून सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटीच्या सामन्यांत १७० अंशांचा नियम आहे: नळीचं तोंड निशाण्याच्या दिशेपासून कुठल्याही बाजूला ८५ अंशांपलीकडे जाता कामा नये. गेलं तर तो स्टेज, म्हणजे सामन्यातला तो टप्पा, बाद. भरलेली नळी कुणाच्या अंगावरून फिरली तर अख्खा सामना बाद, घरी जा.

त्यावरचा उपाय म्हणजे अंग फिरवणं. तिथले लोक त्याला क्रॉसड्रॉचा नाच म्हणतात आणि खरंच तो पायांनीच करायचा असतो. निशाण्याकडे तोंड करून उभे राहा. उजवा पाय एक पाऊल मागे घ्या आणि कमरेतून उजवीकडे वळा, इतकं की डावी कमर निशाण्याकडे येईल. आता हात आडवा न्या, मूठ धरा, काढा. नळी अंगाच्या डावीकडे निघते खरी, पण तुमची डावी बाजूच आता समोर आहे, म्हणजे नळी निशाण्याकडे. मग अंग सरळ करा. ठेवतानाही हेच, उलट क्रमाने. आणि माणसं चुकतात ती नेमकी ठेवताना. गोळ्या संपल्या, मन पुढे उचलायच्या रायफलीकडे धावलं, पाय जागेवरच राहिले आणि हात आपला डावीकडे गेला. पाय आधी, हात नंतर. घरी, रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, हे अंगवळणी पडेपर्यंत करा. अंगवळणी हा शब्द इथे शब्दशः घ्या.

तुमच्या खांद्याला क्रॉसड्रॉ मानवेल असं वाटतं. उजव्या कमरेवरून साडेसात इंची नळी पूर्ण बाहेर काढायची तर कोपर मागे आणि बराच वर न्यावा लागतो, आणि तुमचं दुखणं नेमकं तिथेच आहे. डावीकडून काढताना कोपर अंगाच्या पुढे राहतं. म्हणून माझी मांडणी अशी: पावणेपाच इंची उजवीकडे, साडेसात इंची डावीकडे. पुष्कळ लोक उलट सांगतील. आखूड नळी क्रॉसड्रॉला सोपी, कमी फिरते, बसताना मांडीला टोचत नाही, हे सगळं खरं आहे, आणि खांदा धड असता तर मीही तेच म्हटलं असतं. पण आधी एक करा. रिकामा उजवा हात पोटावरून डाव्या कमरेपर्यंत नेऊन मूठ वळा आणि छातीच्या उंचीपर्यंत उचला, सावकाश, आठ-दहा वेळा. खांद्याच्या पुढच्या भागात कळ आली तर माझी मांडणी विसरा आणि फिजिओथेरपिस्टला विचारा. होल्स्टर दोन महिन्यांनी घेतलं तरी चालतं.

आता खरेदी. इथे एक गोष्ट दुकानदारही गोंधळून सांगतात. डाव्या कमरेवर लावायचं म्हणून "डाव्या हाताचं होल्स्टर" मागू नका. उजव्या हाताचं होल्स्टर डाव्या कमरेवर सरकवलं की त्यातला दस्ता आपोआप पुढे येतो. डाव्या हाताचं तिथे लावलं तर दस्ता मागे जाईल आणि तो डावखुऱ्याला उपयोगी. मग तुमच्याकडचं उजवं होल्स्टरच डावीकडे नेलं तर? ते सरळ खाली लोंबणारं असेल तर तात्पुरतं चालेल, सरावापुरतं. पण त्याला कल असेल तर नाही. उजव्या कमरेसाठीच्या होल्स्टरांचा कल बहुधा असा असतो की दस्त्याकडचा भाग पुढे झुकतो आणि नळीचं टोक मागे जातं. तेच डावीकडे नेलं की पूर्ण उलटं होतं. दस्ता तुमच्या हातापासून लांब, बरगडीकडे पळतो. क्रॉसड्रॉसाठी म्हणून कापलेल्या होल्स्टरात दस्ता बेंबीकडे, म्हणजे येणाऱ्या हाताकडे झुकलेला असतो. तेव्हा मागताना असं मागा: उजव्या हाताने काढायचं, डाव्या कमरेवर लावायचं, क्रॉसड्रॉ, नळी साडेसात इंच. चारही गोष्टी लिहून द्या. फोनवर सांगितलेलं कारागिराच्या बाकापर्यंत पोचेलच असं नाही.

कल किती? सोसायटीच्या नियमात होल्स्टर कमरेवर असताना उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त कललेलं नको, आणि दोन होल्स्टरं बेंबीच्या दोन बाजूंना, मध्ये किमान दोन मुठींचं अंतर ठेवून हवीत. तुम्ही १५-२० अंशांच्या आसपास राहा. जास्त कल फोटोत झोकदार दिसतो, पण जितका कल जास्त तितकं रिव्हॉल्व्हर आपल्याच वजनाने घसरायला मोकळं, आणि नळीचं टोकही तितकं मागच्या माणसाकडे. नियमांची चालू आवृत्ती क्लबात मिळते, पैसे देण्याआधी तेवढी वाचा.

पोटाची काळजी करू नका, पण त्याच्याशी भांडूही नका. अगदी पुढे, बेंबीजवळ लावलेलं होल्स्टर बसल्यावर दस्त्याचं टोक पोटात खुपसतं. घड्याळाची तबकडी कमरेभोवती कल्पा, बेंबीवर बारा. तुम्हाला दहाची जागा सोयीची पडेल. नऊच्या मागे नेऊ नका, मग हात पोचायला अंग पिळावं लागतं आणि नाच बिघडतो. फार उंच बसणारंही नको. साडेसात इंची नळीचं रिव्हॉल्व्हर उंच बसलं की दस्ता बरगडीला लागतो.

माप बघताना नळीइतकंच चौकटीकडे, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या मधल्या सांगाड्याकडे, लक्ष द्या. तुमची उबर्टी मूळ कोल्टच्या मापाची आहे. रुगर कंपनीचं २००५ नंतरचं न्यू व्हॅकेरोही जवळपास त्याच मापाचं, पण १९९३ मध्ये आलेलं मूळ व्हॅकेरो अंगाने थोराड. त्या जुन्यासाठी साचलेलं होल्स्टर स्वस्तात मिळालं तर तुमचं रिव्हॉल्व्हर त्यात खुळखुळेल. क्रॉसड्रॉत खुळखुळणं चालत नाही. रिकामं रिव्हॉल्व्हर घालून होल्स्टर गादीवर उलटं धरा आणि हलकेच हलवा. हॅमरची, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या घोड्याची, वादी न लावताही ते जागेवर राहिलं पाहिजे. फारच घट्ट असेल तर ते दुखणं बरं. रिव्हॉल्व्हर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर आत ठेवा, कातडं सैलावतं. सैल झालेलं घट्ट करणं मात्र कठीण.

मग आत बोट घाला. शिवणीचे टाके उघडे लागता कामा नयेत. चांगल्या कामात दोन थरांच्या मध्ये कातड्याची एक जाड पट्टी शिवलेली असते, ती दोऱ्याला झिजण्यापासून वाचवते आणि होल्स्टरला चपटं होऊ देत नाही. पट्टी नसेल तर होल्स्टर परत ठेवा, नक्षी कितीही सुरेख असो. चापाभोवतीची कडी कातड्याने झाकलेली हवी. पडद्यावरच्या नायकांची होल्स्टरं ती उघडी ठेवतात, तुम्ही नायक नाही आहात. हॅमरला अडकवायची वादी हवीच, पण ती चालण्या-फिरण्यासाठी. स्टेजवर उभं राहण्याआधी काढायची, नाहीतर सगळ्या क्लबासमोर ओढाताण करत बसाल.

पट्ट्यात कंजुषी नको. नेहमीच्या पँटचा दीड इंची पट्टा दोन रिव्हॉल्व्हरांना पुरत नाही. सव्वादोन ते अडीच इंची, दुहेरी कातड्याचा घ्या, आणि होल्स्टरचं पट्टा ओवायचं घर त्याच मापाचं असू द्या. घर रुंद आणि पट्टा अरुंद असला तर रिव्हॉल्व्हर काढताना होल्स्टरही त्याच्याबरोबर वर येतं. क्रॉसड्रॉत हाताची ओढ तिरकी असते, म्हणून ते जास्तच येतं.

आता कोल्हापूर. कल्पना वेडगळ नाही. होल्स्टरला लागतं ते वनस्पतीच्या सालीने कमावलेलं गाईगुरांचं कातडं, सुमारे साडेतीन ते चार मिलिमीटर जाडीचं, जे ओलं करून हाताने दाबलं की आकार धरतं आणि वाळल्यावर सोडत नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कोल्हापुरी चपलेचं कातडं त्याच घराण्यातलं. क्रोमने कमावलेलं मऊ कातडं, ज्याच्या पर्सा होतात, ते इथे निरुपयोगी आहे. ते आकार धरत नाही. पण होल्स्टर साचायला साचा लागतो, म्हणजे तुमचं रिव्हॉल्व्हर किंवा त्याची हुबेहूब प्रतिकृती. रिव्हॉल्व्हर परवान्याशिवाय भारतात नेणं हा गंभीर गुन्हा आहे हे सांगायला नको. प्रतिकृती सामानात टाकून मुंबई विमानतळावर तासभर खुलासे देत बसणंही मला शहाणपणाचं वाटत नाही. तेव्हा कोल्हापुरातून चांगला पट्टा शिवून आणा, बकलासकट, रुंदी कागदावर लिहून देऊन. होल्स्टर मात्र अमेरिकेतल्याच कारागिराकडून, ज्याच्या बाकावर तुमच्या मापाचा साचा आहे.

आणि कोल्हापूरवरून आठवलं म्हणून, हे नीट वाचा. रेंजवर नेता ती बॅग, तो कोट, तो पट्टा यांतलं काहीही भारताच्या प्रवासाला नेऊ नका. काडतुसांच्या घरांचा पट्टा तर मुळीच नाही. अस्तराच्या फटीत राहिलेलं एक काडतूस, रिव्हॉल्व्हर नसतानाही, भारतात शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवायला पुरतं. परदेशातून येणाऱ्या कितीतरी सरळ माणसांची सुट्टी अशा एका विसरलेल्या काडतुसाने पोलीस ठाण्यात आणि वकिलाच्या घरी गेली आहे. नेमबाजीची बॅग वेगळी, तिच्यावर खूण करा, आणि घरच्यांना ती दाखवून ठेवा. सामान भरताना हाताशी येईल ती बॅग ओढणारी माणसं प्रत्येक घरात असतात.

नवं होल्स्टर आल्यावर तेल पाजू नका. सुरुवातीला कुरकुरणारं कातडं नीट्सफूट तेलाने लोण्यासारखं मऊ होतं, आणि मऊ होल्स्टर म्हणजे मोजा. वर्षातून एकदा हलका मेणाचा हात पुरे. रिव्हॉल्व्हर त्यात घालून कपाटात ठेवू नका. कातड्यातला ओलावा आणि कमावण्यातली रसायनं पोलादाला डाग पाडतात, ऍरिझोनाच्या कोरड्या हवेतसुद्धा.

सहा घरांत पाचच काडतुसं हे तुम्हाला लोडिंग टेबलावर शिकवलंच असेल: एक भरा, एक सोडा, चार भरा, मग हॅमर मागे घेऊन हलकेच रिकाम्या घरावर. १८७३ च्या नमुन्यात हॅमर आणि काडतूस यांच्यामध्ये भरवसा ठेवावा असं काही नसतं, आणि क्रॉसड्रॉत दस्ता पुढे असल्याने तो दाराला, टेबलाला, गाडीच्या स्टिअरिंगला आपटतो. रेंजपर्यंतच्या प्रवासात दोन्ही रिव्हॉल्व्हरं रिकामी, पेटीत, आणि पट्टा वेगळा.

पुतण्याबद्दल. त्याला घेऊन जा, टोपी घाला, फोटो काढा, पण हातात रिव्हॉल्व्हर देऊ नका. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्यांना, आणि एच-वन-बी त्यातच मोडतो, बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. त्यात अपवाद आहेत. सर्वांत नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. मनाई 'बाळगण्या'ला आहे, विकत घेण्यापुरती नाही, त्यामुळे रेंजवर पाच मिनिटांसाठी हातात घेणंही त्यात येऊ शकतं, आणि ठाऊक असून देणारा तुम्हीही अडकता. त्याचं ग्रीन कार्ड रांगेत असेल तर एका रविवारच्या मौजेपायी ती रांग बिघडवणं परवडणार नाही. ऍरिझोनात शिकारीचा परवाना राज्याच्या गेम अँड फिश खात्याकडून मिळतो. तो काढून, मुदत तपासून, आणि आपल्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाकून मगच त्याला टेबलाशी उभा करा. तोवर त्याच्याकडे स्टॉपवॉच द्या आणि तुमचा नाच मोबाईलवर चित्रित करायला सांगा. ठेवताना पाय फिरतात की नाही, हे स्वतःला कधीच दिसत नाही.